उतारावरचं परसू : टप्पे, पायऱ्या आणि पागोळीचं पाणी

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचं घर उतारावर आहे. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद परसू आहे. तेवढ्यात जमीन १२ फूट खाली जाते. आम्हाला दाराशी बसायला मोकळी जागा, खाली मुलांना खेळायला नि माणसं जमवायला दुसरी जागा आणि विहिरीजवळ आगर (माड-सुपारीची बाग) हवं आहे. जेसीबीवाला म्हणतो, सगळं एका दमात सपाट करू, खाली एकच उंच भिंत घालू. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. त्या भिंतीत जाणाऱ्या पैशात अख्खं परसू होईल, आणि ती पडली तर विहिरीवर पडेल. शिवाय जांभ्याच्या कवचाखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. जेसीबीने खोल काप घेतला की तो उघडा पडतो. उन्हाळ्यात तो सुरीने कापल्यासारखा ताठ उभा राहतो आणि जुलैत लोण्यासारखा सुटतो.

आधी माप घ्या. ५० फूट पारदर्शक लेव्हलची नळी पुरे. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. दाराशी शून्य धरा आणि दर ५ फुटांवर खुंटी मारून किती उतरलो ते लिहा. अशा तीन रांगा घ्या: दोन कडांच्या आणि एक मधली. दुसरं माप पावसात घ्यायचं. मोठी सर आली की छत्री घेऊन मागच्या दारात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे तुंबतं ते कागदावर काढायचं. या कागदाशिवाय गवंड्याला बोलावू नका.

तुमचा उतार ५ फुटांना १ फूट असा सरसकट धरला, तर पुढची मांडणी बसते. खुंट्यांची मापं वेगळी आली तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

दारापासून पहिले १५ फूट हा वरचा टप्पा. इथे कापायचं नाही, कारण काप घराच्या पायाशी येतो. दाराशी आहे तीच पातळी धरून बाहेरच्या कडेला भर घालायची. फरशी घरापासून बाहेर १५ फुटांत ३ इंच उतरती ठेवली की कडेची भिंत जमिनीपासून पावणेतीन फूट होते. मागील पडवी या टप्प्यापेक्षा निदान एक पायरी उंच हवी, म्हणजे मुसळधार पावसात पाणी उंबऱ्याला लागत नाही.

त्याखाली ६ फुटांचा लागवडीचा पट्टा. तो केवळ शोभेला नाही. वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर येऊ नये, तर दोन भिंतींत खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर लागतं.

मग १६ फुटांचा मधला टप्पा. इथे अर्धं कापायचं नि निघालेली माती अर्ध्या भागात भरायची. वरच्या अंगाला सुमारे १९ इंच काप येतो, खालच्या अंगाला तेवढीच भर. १९ इंच म्हणजे बसायच्या कट्ट्याची उंची! कापाला घातलेली भिंतच कट्टा होते: पाठीला झाडं, समोर दरी. वर कडाप्पा टाका, कारण उघडा जांभा कपड्यांना लाल डाग देतो.

उरलेले २३ फूट सपाट करू नका. आगराला उतार चालतो. सुपारी ९ फुटांवर, माड २५ फुटांवर आणि प्रत्येक झाडाला खालच्या अंगाने अर्धगोल दगडी आळं, एवढं पुरे. बसायच्या जागा माडाच्या बुंध्यापासून १२-१५ फूट दूर ठेवा. नारळ नि झावळ पडताना खाली कोण आहे ते बघत नाहीत.

आता या जागा जोडायच्या. बहुतेक परसं इथे फसतात: दोन सुंदर टप्पे असतात, पण त्यांच्यामधून कुणी जात नाही, कारण पायऱ्या उरलेल्या कोपऱ्यात शिडीसारख्या घुसवलेल्या असतात. पायऱ्या स्वयंपाकघराच्या दारातून विहिरीकडे जाणाऱ्या रोजच्या वाटेवर हव्यात. दोन टप्प्यांत साडेपाच फुटांचा फरक आहे, म्हणजे ६ इंचांचे ११ चढ. जांभ्याचा चिरा साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच मिळतो (खाणीप्रमाणे थोडा फरक पडतो). तो लांबीने चालायच्या दिशेत ठेवा, मागची १ इंच बाजू वरच्या पायरीखाली घ्या आणि १ इंच खाली बसवा. मग पाऊल टेकायला १३ इंच नि चढ ६ इंच मिळतो. दोन चढ अधिक एक पाऊल मिळून २४-२५ इंच व्हावेत हा पायरीचा जुना हिशेब; इथे बरोबर २५ होतात. जुन्या पाखाड्या (गावातल्या दगडी पायऱ्यांच्या वाटा) चढताना दम लागत नाही त्या याच हिशेबामुळे.

सरळ उतरायला सहा फुटांचा पट्टा पुरत नाही. म्हणून पहिले पाच चढ वरच्या भिंतीला लागून आडवे उतरवा, मग ४ बाय ४ फुटांचा चौथरा घ्या आणि तिथून काटकोनात वळून सहा चढ मधल्या टप्प्यात उतरवा. शेवटच्या पायऱ्या टप्प्याच्या आत साडेतीन फूट येतील. येऊ द्या, मुलं तिथेच बसतात. एका पायरीत पाच चिरे शेजारी शेजारी लावले की पावणेचार फूट रुंदी होते आणि दोन माणसं एकमेकांना वाट देऊ शकतात. चाकाची खुर्ची जावी म्हणून १ ला १२ चा उतरंड रस्ता मनात असेल, तर तो ६६ फूट लांब होईल. त्यापेक्षा ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांच्यासाठी वरचा टप्पाच मोठा ठेवा.

पाण्याचा हिशेब भिंतींच्याही आधी करायचा. हजार चौरस फुटांवर १ इंच पाऊस म्हणजे सुमारे २,३६० लिटर, आणि कोकणात एका दिवसात ८ इंच पडणं नवलाचं नाही. मागच्या छपराची पागोळी भर घातलेल्या मातीवर पडू देऊ नका. पन्हळ लावून ती थेट चरात न्या. वरच्या टप्प्याच्या कडेपासून दीड फूट आत ९ इंच रुंद चर घ्या, त्याला सिमेंटचा गिलावा करा म्हणजे पाणी भरावात मुरणार नाही, आणि ४० फुटांत ५ इंच उतार देऊन हद्दीकडच्या उभ्या चराला जोडा. १०० मिलिमीटर तासाच्या पावसातही तुमच्या दोन टप्प्यांचं नि अर्ध्या छपराचं पाणी मिळून सेकंदाला पाच लिटरच्या आसपास येईल. ९ इंचांच्या चराला ते काहीच नाही. चर तुंबतो तो पाण्याने नव्हे, पाल्याने. रुंदी ठरवायची ती खोरं आत जाईल अशी, आणि वर न उचलता येणारं जाड झाकण घालायचं नाही.

उभा चर सरळ घसरगुंडीसारखा काढला तर पाणी तळाला खड्डा पाडतं. त्याला दर ५ फुटांवर १ फुटाची उडी द्या आणि प्रत्येक उडीखाली दोन मोठे डबर बसवा. शेवट विहिरीच्या दिशेने नको. आगरातल्या आडव्या चरांत पाणी खेळवून जादाचं व्हाळात (ओढ्यात) सोडा. शेजाऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) सोडलंत तर पुढचा प्रश्न तो विचारेल.

साहित्याचा अंदाज: वरच्या भिंतीला पाया धरून ४ फूट उंची, खाली २३ इंच नि वर १४ इंच जाडी घेतली, तर सुमारे ४८० चिरे लागतात, तुटफूट धरून सव्वापाचशे मागवा. वरच्या टप्प्याची भर ठोकून बसल्यावर सव्वाआठ ब्रास आहे, म्हणून सुटी माती १० ब्रासच्या आसपास लागेल. ती ६-६ इंचांच्या थरांत, ओलसर करून, धुम्मसाने ठोकायची. ट्रकने ओतून वरून जेसीबी फिरवला की वरचे ९ इंच घट्ट नि खाली पोकळ राहतं. भिंत आणि भर दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत संपवा, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या आणि फरशी पुढच्या हिवाळ्यात घाला. पहिल्या वर्षी चोपून शेणाने सारवलेलं खळंच ठेवा. बसलं, खचलं तर दोन घमेली मातीत काम भागतं; फरशी खचली तर सगळी उचलावी लागते.

प्रश्न : चिपळूणजवळ आमच्या मागच्या अंगणाला ५ फूट उंच, ९ इंच जाड चिऱ्यांची सिमेंटमधली भिंत आहे. बाहेरून गिलावा केलेला आहे. यंदाच्या पावसानंतर मध्यभागी ३ इंच पोट सुटलंय. गवंडी पुढून दोन काँक्रीटचे खांब उभे करू म्हणतो. पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. खांबांच्या मधला भाग पुढे येतच राहील, कारण ज्याने भिंत ढकलली ते पाणी अजून मागेच आहे.

गणित साधं आहे. भिंतीमागची माती वरपर्यंत पाण्याने भरली, तर ५ फूट उंचीवर प्रत्येक मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा आडवा रेटा सुमारे १,१५० किलो होतो. मातीचा रेटा त्यावर वेगळा. तुमच्या ९ इंची भिंतीचं वजन मीटरला ७०० किलोच्या आसपास आहे. ती आजवर उभी राहिली ती सिमेंटच्या चिकटीवर. उंची दुप्पट झाली की हा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याची ताकद आठपट. म्हणूनच दोन फुटांचा गडगा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि पाच फुटांची भिंत दोन पावसांत वाकते.

बाहेरचा गिलावा ही यातली सर्वांत महागडी चूक. कोरड्या गडग्याच्या प्रत्येक फटीतून पाणी निघून जातं. त्यावर गिलावा चढवणं म्हणजे धरण बांधणं, फक्त धरणाची जाडी न देता. ३ इंच पोट म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश. ही भिंत उतरवावी लागेल.

पाऊस चालू असेल तर आता खणू नका. भिंतीच्या वरच्या जमिनीला प्लास्टिकचा कागद अंथरून कडा मातीने दाबा, वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा आणि खालच्या बाजूला उंचीच्या दीडपट अंतरात कुणाला बसू-खेळू देऊ नका. गाडी किंवा पाण्याची टाकी वरच्या कडेला असेल तर आजच हलवा.

डिसेंबरात वरून खाली, थराथराने चिरे काढा. मागची माती ४५ अंशांत मागे घ्या. ती ताठ ठेवून खाली माणूस उतरवू नका. पाया सव्वा फूट, घट्ट जमिनीत किंवा कातळावर, आणि तळ मागच्या बाजूला किंचित कललेला. ५ फुटांच्या कोरड्या भिंतीला तळाशी निदान अडीच फूट जाडी द्या. पुढची बाजू दर ८ इंच चढताना १ इंच मागे न्या, म्हणजे वर पोचेपर्यंत साडेसात इंच मागे जाते. दर तिसऱ्या थरात ३-४ फुटांवर एक लांब दगड पूर्ण जाडीत आडवा घाला; तो नसेल तर पुढचा नि मागचा थर वेगळे होतात आणि पुन्हा पोट सुटतं. सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही हे गवंड्याला ठाऊक असतं, पण दुपारी चारनंतर तो विसरतो. लक्ष ठेवा.

भिंतीमागे १ फूट रुंद डबर किंवा ४० मिलिमीटर खडी भरा आणि खडी-मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) लावा. कापड वगळलं तर चार-पाच पावसाळ्यांत चिकणमाती खडीत शिरते आणि सगळं पूर्ववत होतं. तळाला ४ इंची, भोकं पाडलेला पाइप १०० फुटांना १ फूट उताराने घालून टोक उघड्यावर काढा. सर्वांत वर ९ इंच चिकणमाती ठोकून घ्या, म्हणजे वरचं पाणी खडीत उतरणार नाही.

सिमेंटमध्येच बांधायचं असेल तर ३ इंची विप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) दर ५ फुटांवर, दोन ओळींत, तिरपे एकाआड एक. खालची ओळ जमिनीपासून ६ इंच वर. पाइप बाहेरच्या बाजूला उतरता असावा आणि आतल्या तोंडाशी घमेलंभर खडी असावी. गिलाव्याच्या वेळी गवंडी ही तोंडं बुजवतो, तेव्हा काम संपल्यावर प्रत्येकात काठी घालून बघा. आणि चार फुटांपेक्षा उंच भिंतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्या; तुमची ५ फुटांची आहे.

एक खूण वेगळी ओळखायची. घराच्या वरच्या अंगाला उताराला आडव्या भेगा पडल्या असतील, झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, जिथे कधी झरा नव्हता तिथे गढूळ पाणी येत असेल, तर तो भिंतीचा दोष नाही, डोंगर हलतोय. तेव्हा गवंड्याला नव्हे, तहसीलदार कार्यालयाला कळवा आणि मुसळधार पावसात तिथे झोपू नका. माळीण (२०१४) आणि तळिये (२०२१) या नावांनंतर हे वेगळं पटवून द्यायला नको.

प्रश्न : सावंतवाडीत परसवातल्या जांभ्याच्या पायऱ्या पावसात इतक्या निसरड्या होतात की आईचं मागच्या दाराने उतरणंच बंद झालं. टाइल बसवाव्या का?

उत्तर : टाइल तर मुळीच नको. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरतो आणि सावलीत शेवाळ जोर धरतं. पण ओल्या टाइलवर शेवाळाचीही गरज लागत नाही.

आधी पायऱ्यांवर पाणी का राहतं ते बघा. प्रत्येक पायरी पुढच्या कडेकडे पाव इंच उतरती हवी. वापराने मध्ये खळगा पडला असेल तर चिरा उचलून पालथा करा. खालची बाजू बहुतेक नवी निघते. वरच्या फांद्या छाटून दिवसाकाठी दोन तास ऊन येऊ द्या, याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. सप्टेंबरअखेर तारेच्या ब्रशने घासून १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून अर्धा तास ठेवा नि धुऊन टाका. हातात मोजे घाला, अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, आणि धुवण विहिरीकडे किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. मे महिन्यात पुन्हा एकदा.

मग दगडाला टाकी लावणाऱ्या पाथरवटाकडून पायरीच्या पुढच्या ३ इंचांत आडव्या रेघा मारून घ्या. नवीन पायऱ्या करणारच असाल तर पुढच्या कडेला फ्लेम फिनिश (आचेने खरखरीत केलेल्या) ग्रॅनाइटची पट्टी द्या.

आईंसाठी कठडा घालाच. दीड इंची गॅल्व्हनाइझ्ड पाइप, पायरीच्या टोकापासून ३४-३६ इंच उंच, आणि वर-खाली दोन्ही टोकांना पायरीच्या पुढे एक-एक फूट वाढवलेला. खांब चिऱ्यात भोक पाडून बसवू नका, चिऱ्याची कड फुटते. पायरीलगत १ फूट बाय १ फूट बाय दीड फूट खोल वेगळा काँक्रीटचा ठोकळा घ्या. आणि सगळ्या पायऱ्यांचे चढ मोजा. एक पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंचही वेगळी असेल तर माणूस तिथेच अडखळतो. बहुधा ती सर्वांत खालची असते, कारण शेजारची जमीन नंतर भरली किंवा वाहून गेलेली असते.

प्रश्न : गुहागरला समुद्राकडे उतरत्या परसवात मधल्या टप्प्यावर पत्र्याचा मांडव आणि चूल करायची आहे. कुठे काय ठेवावं?

उत्तर : टप्प्याचा कापलेला अर्धा भाग आणि भरलेला अर्धा भाग हे दोन वेगळे देश समजा. जड ते सगळं कापलेल्या भागात: मांडवाचे खांब, चूल, पाण्याची टाकी. २,००० लिटरची भरलेली टाकी दोन टनांची असते. भरलेल्या भागात हिरवळ, जाजम, झोपाळ्याऐवजी खुर्च्या. खांब भरावात घ्यावाच लागला तर त्याचा पाया भर ओलांडून मूळ जमिनीत आणखी दोन फूट गेला पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात एक कोपरा दोन इंच खाली बसतो आणि पत्रे आपोआप सैल होतात.

मांडवाला खाली खचण्याइतकाच वर उडण्याचाही धोका असतो. चारी बाजूंनी उघड्या छपराला वारा खालून उचलतो, म्हणून पायाचं काँक्रीट वजनासाठी लागतं. दीड फूट बाय दीड फूट बाय अडीच फूट खोल ठोकळा, त्यात खांबाची तळपट्टी चार बोल्टनी पक्की. खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडाला रंग किती टिकणार? हॉट डिप गॅल्व्हनाइझ्ड पाइप घ्या आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग द्या, कारण गंज नेमका तिथूनच सुरू होतो. पावसाचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून तिरपा येतो. त्या बाजूला पत्रा अडीच ते तीन फूट पुढे काढा. पत्र्याचा उतार मात्र बाजूच्या चराकडे, भरावाच्या कडेकडे नाही.

चुलीबद्दल बहुतेक जण उलटं करतात: समुद्र दिसावा म्हणून घर आणि समुद्र यांच्या बरोबर मध्ये चूल मांडतात. दुपारनंतर वारा समुद्राकडून घराकडे येतो, आणि माणसं जमून स्वयंपाक होतो तो संध्याकाळीच. सगळा धूर मागच्या दारातून माजघरात जातो. चूल टप्प्याच्या उत्तर किंवा दक्षिण टोकाला ठेवा, मागे चार फुटांची चिऱ्याची आडभिंत घाला, आणि झापांचं छप्पर किंवा सुक्या झावळ्यांचा ढीग १० फुटांच्या आत नको.

प्रश्न : मुळशीकडे आमच्या प्लॉटवर वर मुरूम आणि खालच्या बाजूला काळी माती आहे. कोकणातली पद्धत इथे चालेल का?

उत्तर : पाण्याची पद्धत चालेल, भिंतीची जशीच्या तशी नाही. काळी माती ओली झाली की फुगते नि सुकली की भेगाळते. तिच्यावर बसवलेली पायरी दरवर्षी वर-खाली होते. टप्पे मुरमाच्या भागात घ्या आणि काळ्या मातीत फक्त झाडं लावा. तिथे वाट काढावीच लागली तर निदान दोन-तीन फूट माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरा. काढलेली काळी माती भिंतीमागे भरण्याचा मोह होतो, कारण ती समोरच पडलेली असते. तसं करू नका. फुगताना ती भिंत ढकलते.

चिरे घाटावर आणण्यात वाहतुकीचा खर्च आहे, आणि इथे काळा दगड मिळतो. डबराची कोरडी भिंत किंवा जाळीचे गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या पेट्या) उत्तम. जाळी जाड गॅल्व्हनाइझ्ड तारेची घ्या आणि दगड तिच्या भोकापेक्षा मोठे, हाताने रचून भरा. ओतून भरलेल्या पेटीला वर्षभरात पोट येतं. मुरमाचा ताजा काप कोरडा असेपर्यंत ताठ उभा राहतो म्हणून तो तसाच सोडू नका. एका पावसाळ्यात त्याची भुकटी चरात येते.

प्रश्न : फोंड्याला उतारावर विहीर आणि शोषखड्डा दोन्ही परसवातच आहेत. मधे बागेचे टप्पे करताना काय सांभाळावं?

उत्तर : शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि निदान ६० फूट दूर हवा. तो आज वरच्या अंगाला असेल तर आधी तो हलवा, बाग नंतर. जांभ्यात भेगा नि पोकळ नळ्या असतात. पाणी मातीत गाळलं जातं तसं तिथे गाळलं जात नाही, सरळ धावतं. शोषखड्ड्याच्या खाली लगेच काप घेतला तर घाण पाणी भिंतीतून पाझरतं, म्हणून त्या भागात टप्पा कापून नव्हे, भर घालून करा. संडासाच्या (सेप्टिक) टाकीचं झाकण फरशीखाली गाडू नका. दोन फूट बाय दोन फुटांची उचलता येणारी फरशी ठेवा आणि उपसायच्या गाडीचा पाइप तिथवर कसा पोचेल ते आत्ताच बघा. विहिरीचा कठडा जमिनीपासून अडीच-तीन फूट आणि भोवती बाहेर उतरता चार फुटांचा काँक्रीटचा पट्टा ठेवा.

प्रश्न : गडग्यात फुरसं (विषारी साप) निघतं. रात्री खालच्या टप्प्यावर बसायची भीती वाटते. दिवे किती आणि कसे लावावे?

उत्तर : गडगा पाडायची गरज नाही. बसायच्या जागेपासून १० फुटांच्या आतल्या कोरड्या भिंतीच्या खालच्या दोन फुटांतल्या फटी बारीक दगडचिपांनी घट्ट भरा. पाणी जायला त्यातूनही वाट राहते, उंदीर-पालींना मात्र राहत नाही, आणि भक्ष्य नसलं की साप थांबत नाही. पाचोळ्याचा नि लाकडांचा ढीग, चिऱ्यांची उरलेली चळत कट्ट्यालगत नको. भिंतीच्या पायाशी दोन फूट पट्टा खडीचा, उघडा ठेवा.

दिवे वरून झगझगीत नकोत. डोळे दिपतात आणि पायाखालचं दिसत नाही. प्रत्येक वळणावर, पहिल्या आणि शेवटच्या पायरीशी, गुडघ्याच्या उंचीवर खाली तोंड असलेला पिवळसर प्रकाशाचा दिवा लावा. पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. किडे आले की बेडूक, बेडकामागून साप, ही साखळी दिव्यापासूनच सुरू होते. दोन्ही टोकांना, म्हणजे मागील पडवीत आणि खालच्या टप्प्यावर, टू-वे स्विच द्या. नाहीतर दिवा बंद करून अंधारात चढावं लागतं. केबल पाइपातून, दीड फूट खोल, वर विटांचा थर आणि पायऱ्यांच्या एकाच कडेने न्या, म्हणजे पुढे कुणी खणलं तर कुठे खणायचं नाही हे माहीत राहील. दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ-पाणी आत न शिरणारे) आणि परसवाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) स्वतंत्र. त्याचं टेस्ट बटण पावसाळ्यात दर महिन्याला दाबून बघा. दाबल्यावर वीज गेली नाही, तर वायरमन येईपर्यंत परसवातला मुख्य स्विच बंद ठेवा आणि बॅटरी घेऊन उतरा.